परदेशातला भाऊ

बोट चेमटलं ते ऑफिसच्या गाडीच्या दारात, आणि चूक तशी कुणाचीच नव्हती. तो फायली सावरत मागच्या सीटवर बसत होता, ड्रायव्हरला वाटलं बसले एकदाचे, आणि त्याने बाहेरून दार लोटलं. तो ओरडला. ड्रायव्हरने घाईघाईने दार उघडलं, बोट सुटलं, रक्त फारसं आलं नाही. नख तेवढं बघता बघता काळंनिळं झालं. त्याने बोट तोंडात धरलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की गाडीत कुणीच काही बोलत नाहीये. शेजारी बसलेल्या बाई, म्हणजे त्याच्याबरोबर कित्येक वर्षं काम करणाऱ्या निरीक्षक बाई, रुमाल पुढे करता करता अर्ध्यावर थांबल्या होत्या. ड्रायव्हर आधी "चुकलं साहेब, चुकलं" म्हणत होता, तोही आता त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होता, दुकानात नेहमीचं गिऱ्हाईक अचानक ओळखीच्या गावाचं निघावं तसं. तेव्हा कुठे त्याला कळलं, की आपण ओरडलो ते पलीकडच्या बोलीत.

दोनच शब्द होते. लहान मूल पडल्यावर ओरडतं तसले. त्यांत दुसऱ्या शब्दाचा शेवट घशात खोल जाऊन परत वर येतो, आणि तसा आवाज राजभाषेत कुठेच नाही. तो आवाज नकलेने काढता येत नाही, शिकून येत नाही. ज्याच्या घशातून तो निघाला तो पलीकडचा. हे भाषा-निरीक्षण विभागातल्या माणसाला सांगायला नको होतं, आणि गाडीत तसली माणसं दोन होती. "फार लागलं का?" बाईंनी विचारलं. "नाही, नाही," तो म्हणाला, राजभाषेत, इतक्या स्वच्छ उच्चारात की त्याचा त्यालाच राग आला. गाडी निघाली. त्या दिवशी एका टपाल कचेरीत खिडक्यांवर बसणाऱ्यांची तोंडी परीक्षा होती, आणि ती त्याने नेहमीसारखी घेतली. फक्त पेन दुसऱ्या बोटांत धरावं लागलं.

कायदा सरळ होता. देशाची भाषा एक, ती राजभाषा, बाकीच्या बोली. ज्याचा कामात लोकांशी संबंध येतो, त्याला राजभाषा बोलता आली पाहिजे. कंडक्टर, नर्स, शिक्षक, खिडकीवरचा कारकून, सगळ्यांना. येते की नाही, हे अधूनमधून विभागाची माणसं जाऊन तपासत. शहराच्या मधून नदी जात होती, आणि नदीच्या त्या अंगाला राहणाऱ्यांना सगळे 'पलीकडचे' म्हणत. कोणे एके काळी देशाची हद्दच नदीवर होती. ते लोक कुठून आले नव्हते, कुठे गेले नव्हते. हद्द त्यांच्या अंगावरून पुढे सरकली आणि ते झोपल्या जागी दुसऱ्या देशात आले. त्याच्या आजोबांच्या वेळची गोष्ट. त्याच्यापर्यंत येईतो त्यातलं दुःख आटून गेलं होतं आणि नुसती अडचण उरली होती. नळाला पाणी नसेल तर कुठल्या भाषेत तक्रार करायची, एवढीच.

दोन-तीन दिवसांनी साहेबांनी आत बोलावलं. आधी बोटाची चौकशी केली, मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तुम्ही पलीकडचे, हे मला माहीतच नव्हतं हो! इतकी वर्षं! कळूच दिलं नाहीत." यात टोमणा नव्हता. एखाद्याचे केस इतके दाट कसे म्हणून आपण रोज बघावं, आणि एक दिवस टोप आहे असं कळल्यावर कारागिराचं कौतुक करावं, तसं ते कौतुक होतं. ऑफिसात त्याला 'अनुस्वार' म्हणत, कारण दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेलं टिंबसुद्धा त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. तो अनुस्वार पलीकडचा निघावा यात साहेबांना देशाचं यश दिसत होतं. "मी काय म्हणतो," ते म्हणाले, "नदीपलीकडची तपासणी यापुढे तुम्हीच बघा. आपला माणूस समोर बसला की लोक बिचकत नाहीत." आपला म्हणजे कुणाचा, हे त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं त्याला जिना उतरताना वाटलं, पण जिना उतरताना त्याला नेहमीच बरंच काही वाटायचं.

घरी बायकोने पट्टी बदलताना हसत विचारलं, "ओरडलास म्हणे मोठ्याने? बाईंचा फोन होता." ती राजभाषेच्या घरातली. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी त्याचा उच्चार ऐकूनच होकार दिला होता. नाव-गाव नंतर विचारलं. त्याने काहीच लपवलं नव्हतं, सासऱ्यांना सांगितलंही होतं, पण एकदा सांगून झाल्यावर ती गोष्ट माळ्यावर टाकलेल्या सुटकेससारखी राहिली. आहे हे सगळ्यांना माहीत, काढायचं कारण कुणालाच नाही. मुलगी टेबलाशी बसून मोबाइल बघत होती. ती कॉलेजात गेल्यापासून तिच्या मैत्रिणींत पलीकडच्या बोलीतली गाणी ऐकायची टूम निघाली होती. "बाबा, तुम्ही मला का नाही शिकवलीत?" तिने न बघताच विचारलं. "मला तरी कुठे येते," तो म्हणाला. हे तो सहज म्हणून गेला, आणि मग हे कितपत खरं आहे याचा त्याने जेवताना विचार केला. शब्द आठवून बघितले. ताट, मीठ, थंडी, शेंबूड, मार, गोष्ट सांग, मला पण दे. पुढे काही येईना.

त्याला शाळेत आईनेच घातलं होतं, नदीच्या या बाजूच्या. शेजारपाजारच्यांनी नावं ठेवली. आई म्हणाली, माझ्या एका पोराला तरी खिडकीच्या आत बसू दे, बाहेर रांगेत उभं राहायला मी आहेच. दोघांना या बाजूला पाठवणं जमणारं नव्हतं, म्हणून ताई तिथल्याच शाळेत राहिली. तिच्या वर्गाची बोलीतली शिकवणी सरकारने बंद केली तेव्हा ती घरीच बसली आणि मग कामाला लागली. याचं तिला वाईट वाटलं असेल असं त्याला कधी वाटलंच नाही, कारण रोज सकाळी त्याला पुलापर्यंत सोडायला तीच यायची. पुलाच्या अलीकडे बडबडत चालायचं आणि पूल लागला की गप्प व्हायचं, असा दोघांचा खेळ होता. पुलाच्या मधोमध ती त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करून मागे वळायची. "जा धाकट्या," एवढंच म्हणायची, तेही खालच्या आवाजात. मास्तरांनी पहिल्याच दिवशी हजेरी घेताना त्याचं नाव राजभाषेत बसेल असं थोडं कापून शिवून घेतलं. दुष्ट नव्हते मास्तर. त्यांना ते म्हणता येत नव्हतं आणि पोराची थट्टा होऊ नये असं त्यांना वाटत होतं. घरी येऊन त्याने नवं नाव सांगितलं तेव्हा आई ते तोंडात घोळवत राहिली, गरम घास फिरवावा तसं, आणि म्हणाली, "बरं आहे की." पण तिने त्याला त्या नावाने कधीच हाक मारली नाही. जुन्या नावानेही हळूहळू कमी केली. पुढे पुढे ती नुसती 'अरे' म्हणायची. हाक मारायला दोन नावं असलेल्या मुलाला शेवटी एकही उरत नाही, हे तेव्हा तिघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

आई गेली तेव्हा तो तपासणीच्या दौऱ्यावर लांबच्या जिल्ह्यात होता. पोहोचला तेव्हा सगळं उरकत आलं होतं. माणसं जमली होती, त्यात त्याच्या सासरचीही होती. सासरे स्वतः आले होते. ताईने जवळ येऊन कानात सांगितलं, "चार शब्द बोल तिच्याबद्दल." तो पुढे झाला, आणि बोलला. चांगलं बोलला. आईचे कष्ट, तिचा स्वभाव, तिचं हसणं. सासरच्या माणसांचे डोळे ओले झाले. शेजारच्या म्हाताऱ्या बाया एकमेकींकडे बघत होत्या, कारण त्यांना त्यातलं फारसं काही कळत नव्हतं, आणि ताई जमिनीकडे बघत उभी होती. त्याने मुद्दाम केलं नव्हतं. तोंड उघडलं आणि जे आलं ते राजभाषेत आलं. त्याच्याकडे आईबद्दल मोठ्या माणसासारखं बोलायला दुसरी भाषाच नव्हती. हे ताईला समजावून सांगायलाही त्याच्याकडे राजभाषाच होती. त्यानंतर त्याने फोन केले तेव्हा ते वाजत राहिले, आणि काही दिवसांनी त्याने करणं सोडलं. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायचं काय हेही ठरत नव्हतं.

वृद्धाश्रमाची तपासणी आली तेव्हा नख निम्मं गळून गेलं होतं. आश्रम नदीपलीकडे होता, पण त्यात राहणारी म्हातारी माणसं बहुतेक या बाजूची होती. तिकडे जागा मोकळी, हवा बरी, आणि सेवेला माणसं मिळतात. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, फिनेलचा आणि उकडलेल्या भाज्यांचा वास. व्यवस्थापकाने परीक्षेसाठी भोजनघराचा कोपरा दिला होता. टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग. काम करणारे एकेक करून आत येत होते. तो प्रश्न विचारी, बाई गुण देत. माळी पास झाला. रात्रपाळीचा एक मदतनीस घामाघूम होऊन पास झाला. मग व्हरांड्यातून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं, मोठं, मोकळं, मध्येच खोकल्यात अडकणारं, आणि त्याने हातातला पेला खाली ठेवला. ताई कुठल्याशा आश्रमात कामाला आहे हे त्याला माहीत होतं. कुठल्या, ते माहीत नव्हतं. यादीत नुसती आडनावं होती. तिचं सासरचं आडनाव त्याने सकाळी वाचलं होतं आणि ओळखलं नव्हतं.

ती ओले हात पदराला पुसत आत आली. केस पांढरे झाले होते, अंगाने सुटली होती. त्याला बघून ती जागच्या जागी थबकली, पण क्षणभरच, उंबऱ्याला ठेचकाळावं तशी. मग येऊन खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले आणि राजभाषेत म्हणाली, "नमस्कार साहेब. नमस्कार बाई."

जन्मात ती दोघं एकमेकांशी त्या भाषेत बोलली नव्हती. "नमस्कार," तो म्हणाला. "तुम्ही इथे काय काम करता?"

'तुम्ही' म्हणताना त्याची जीभ अडखळली. ज्या माणसाने आपलं नाक पुसलं त्याला अहो-जाहो करताना ती अडखळायचीच. पण परीक्षेत सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात, तो नियमच होता.

"मी म्हातारा माणसांना बघतो," ताई म्हणाली. "अंघोळ घालतो, जेवण भरवतो. एक आजी आहे, तो कुणाच्या हाताने जेवत नाही, माझ्या हाताने जेवतो."

बाईंनी खाली मान घालून काहीतरी टिपलं. तो प्रश्न विचारत गेला. कुणी पडलं तर काय कराल, औषध कधी द्यायचं हे कसं विचाराल, नातेवाईक आले तर काय सांगाल. ती प्रत्येक वाक्य उचलून आणत होती, जड बादली जिन्याने वर आणावी तसं, मध्ये टेकवत, थोडं सांडत. तो, ती, ते, सगळी सरमिसळ. पण कळत होतं. जरा ढिल्या हाताने गुण टाकले तर काठावर पास होईल असा त्याने हिशेब केला, आणि बाईंचं मन वळवणंही अवघड नव्हतं. पुढचा प्रश्न ठरलेला होता. तो टाळता आला असता, पण क्रम मोडला असता तर बाईंनी मान वर केली असती.

"तुमच्या कुटुंबाविषयी सांगा."

"नवरा होता, मेला," ताई म्हणाली. "मुलगी लग्न झाला. आई मेला. एक भाऊ आहे. दूर असतो."

"किती दूर?" बाईंनी विचारलं. अशा वेळी थोड्या गप्पा माराव्यात, म्हणजे माणूस मोकळं बोलतो, असा विभागाचा प्रघात होता.

"फोन लागत नाही इतका."

बाई हसल्या. "म्हणजे परदेशात का?"

ताईने जरा विचार केला. "हो. परदेशातच म्हणायचा."

"कुठल्या देशात?"

"नाव मला बोलता येत नाही, बाई," ताई म्हणाली. तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. रागाने नाही, लोभानेही नाही. भिंतीवरचं घड्याळ बघावं तसं. "कठीण आहे."

बाईंनी ते लिहून घेतलं, की उमेदवाराला देशाचं नाव सांगता आलं नाही. तो त्या अक्षरांकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं आणि तिचं एक चाक कुरकुरत होतं. आता फक्त एकच प्रश्न उरला होता, हवामानावरचा, आणि तो सगळ्यांना येत असे. तो विचारला असता, तिने ऊन आहे असं म्हटलं असतं, आणि संपलं असतं. त्याने तोंड उघडलं.

"बाई, मला ही परीक्षा घेता येणार नाही. ही माझी बहीण आहे. सख्खी. थोरली."

बोलून झाल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. त्याला तसलं काही वाटलं नाही. नखाखाली ठणकायला लागलं. बाई त्याच्याकडे, मग तिच्याकडे, मग परत त्याच्याकडे बघत होत्या. आता त्यांना दोघांची कपाळं सारखी दिसायला लागली असावीत. आणि ताई पुढे वाकून, पलीकडच्या बोलीत, तोंडातल्या तोंडात पण चांगलं ठसठशीत म्हणाली, "गाढवा, जरा वेळ गप्प बसायला काय झालं होतं तुला? पास करत होतास ना!"

"काय म्हणाल्या त्या?" बाईंनी विचारलं.

"त्या म्हणाल्या, मी गाढव आहे."

बाईंनी हे लिहिलं नाही. त्या चांगल्या होत्या, आणि नियमाने वागणाऱ्या होत्या. त्यांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं, ताईची परीक्षा पहिल्यापासून एकटीने घेतली, आणि तिला नापास केलं. त्याने घेतली असती आणि नातं नसतं, तर त्यानेही केलं असतं, हे त्याला माहीत होतं. विभागात त्याची ख्यातीच तशी होती. व्हरांड्यातल्या बाकावर बसून तो वाट बघत होता तेव्हा शेजारच्या खोलीतून एक आजी त्याला बोटाने खुणावून बोलवत होती. तो गेला नाही. आपल्याला म्हाताऱ्या माणसाशी काय बोलतात ते माहीत नाही, असं त्याला वाटलं. ताई बाहेर आली ती त्याच्या समोरून सरळ त्या खोलीत गेली, आणि आजीची उशी नीट करताना बडबडत राहिली, बोलीत, आणि आजी राजभाषेत हो हो म्हणत राहिली.

साहेब वैतागले. चूक काही नव्हती, उलट नियम पाळला होता, पण यादी आधी बघायला नको का, बहीण कुठे काम करते हे माणसाला माहीत नको का. "आणि बाईंसमोर असं एकदम," ते म्हणाले, आणि वाक्य तसंच सोडून दिलं. त्यांनी त्याला तपासणीवरून काढून प्रश्न तयार करण्याच्या कामावर बसवलं. खिडकीजवळची जागा मिळाली, दौरे गेले. शिक्षा म्हणावी तर नव्हती. ऑफिसातली माणसं त्याच्याशी पूर्वीपेक्षा सावकाश बोलायला लागली, एवढाच फरक. एकाने तर चहाच्या वेळी त्याला एका शब्दाचा अर्थ समजावूनही सांगितला, जो त्यानेच विभागाच्या कोशात घातला होता. तो 'अच्छा' म्हणाला. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुला बहीण आहे हे मी सुद्धा विसरले होते रे." तिचा आवाज इतका ओशाळा होता की त्यालाच तिची समजूत घालावी लागली.

मग एका संध्याकाळी फोन आला. ताईच होती. "मला धुलाईत टाकलंय," ती म्हणाली. बोलीत, कसली प्रस्तावना नाही. "चादरींशी काही बोलावं लागत नाही म्हणून. आजी जेवत नाही म्हणे. परीक्षा परत देता येते का?"

"येते," तो म्हणाला.

"मग शिकव. तुझ्यामुळे गेली."

"येतो," त्याने म्हटलं, आणि तो शब्द बोलीत बरोबर आला म्हणून फोन ठेवल्यावर त्याला उगाच बरं वाटलं.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, स्वयंपाकाचा ओटा आणि पलंग एकाच ठिकाणी. पहिल्या रविवारी दोघं अवघडून बसली. तिने खायला केलं होतं, त्याने फळं नेली होती, आणि बोलणं म्हणजे आपल्यातच, बोलीत, बोलायचं असं दोघांनी न ठरवता धरलं. तो एकेक शब्द जुळवून सांगायला लागला, की ऑफिसात काय झालं, मुलगी काय करते, आपल्याला रक्तदाबाचा त्रास आहे. रक्तदाबाला शब्द सापडेना, तेव्हा तो म्हणाला, "माझं रक्त खूप जोरात पळतं." ताई आधी ऐकत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मग तिला ते खोकल्यात अडकणारं हसू फुटलं. "अरे, तू लहान पोरासारखं बोलतोस! तोंडाला मिशी आणि बोलणं बघा!" तोही हसला. पण ते खरं होतं. पूल ओलांडला तेव्हा तो जेवढा होता तेवढीच त्याची बोली राहिली होती. तीत रुसता येत होतं, भूक लागली म्हणता येत होतं, चूक झाली असं म्हणता येत नव्हतं. 'मी नाही केलं' एवढंच येत होतं. आणि राजभाषेत ताई म्हणजे साहेब-बाई म्हणणारी कामवाली. एका भाषेत तो पोर, दुसरीत ती नोकर. दोघं एकाच वेळी मोठी असतील अशी जागाच नव्हती. हे त्याला तिच्या ओट्यावरची भांडी बघता बघता कळलं, आणि त्याचं त्याला फार मोठं काही वाटलं नाही. पाय मोडलेल्या खुर्चीत बसताना ती मोडकी आहे हे माहीत असावं, तेवढंच.

म्हणून त्यांनी धडे सुरू केले. रविवारी तो जायचा, ती कपड्यांच्या घड्या घालत बसायची आणि त्याच्याशी राजभाषेत बोलायची. त्याने पहिल्याच दिवशी 'तुम्ही' काढून टाकलं. राजभाषेत ती त्याला 'तू' म्हणाली तेव्हा दोघं थोडी चपापली, नवे बूट घालून घरात चालावं तसं ते वाटलं, मग सवय झाली. बाजाराबद्दल बोल, तो म्हणायचा. हवेबद्दल बोल. तुझ्या कामाबद्दल बोल. ती बोलायची, तो दुरुस्त करायचा, ती दुरुस्त केलेलं वाक्य परत म्हणायची. तिचं सुधारत होतं. एका रविवारी विषय संपले, तेव्हा तो म्हणाला, "दवाखान्याबद्दल बोल. परीक्षेत विचारतात."

ती एक चादर उचलून तिची टोकं जुळवत होती. जुळवता जुळवता बोलायला लागली. "आई दवाखान्यात होती. तू नव्हता. नर्स विचारली, काय होतं? आई आपल्यातच बोलत होती, राजभाषा सगळी विसरली होती. ती म्हणाली..." इथे तिने बोलीतला एक शब्द वापरला. "ते मला राजभाषेत येत नव्हतं. मी म्हटलं, तिला भीती वाटते. मग नर्स झोपेचं औषध दिली." तिने चादरीची घडी मोडली आणि परत घातली. "त्याला काय म्हणतात?"

तो शब्द त्याला येत होता. लहानपणी गोधडीत डोकं खुपसून खेळताना तो तोच शब्द ओरडत बाहेर यायचा. "श्वास कोंडणं," तो म्हणाला. "तिचा श्वास कोंडला होता."

"श्वास कोंडणं," ताई म्हणाली. "तिचा श्वास कोंडला होता." उच्चार अगदी स्वच्छ आला. मग म्हणाली, "हे मी आपल्यात कधी कुणाला सांगितलं नाही. यात सांगता येतं. यात लागत नाही."

"नर्सने औषध दिलं," तो म्हणाला. का म्हणाला कुणास ठाऊक. दुसरं काही सुचलं नाही.

"नर्सने औषध दिलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. त्याने किती तरी वर्षं जे विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं, राजभाषेत, परीक्षेत विचारतात तसं, पुढचा प्रश्न म्हणून. "आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली?"

ताईने चादर मांडीवर ठेवली. तिला उत्तर शोधावं लागलं नाही, फक्त शब्द शोधावे लागले. "आई तुझा नाव घेतला नाही."

त्याने वाक्य दुरुस्त केलं नाही. ती वाट बघत होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि जराशी चिडून म्हणाली, "चुकलं ना काहीतरी? मग सांग की. त्यासाठीच बसलायस."

"आईनं," तो म्हणाला. "आईनं तुझं नाव घेतलं नाही. नाव, ते नाव. घेतलं."

"आईनं तुझं नाव," ती म्हणाली, "घेतलं नाही." मग परत, सलग, न थांबता, "आईनं तुझं नाव घेतलं नाही." तिसऱ्यांदा म्हणण्याआधी ती थांबली, चादरीवरची सुरकुती तळहाताने सारखी केली, आणि सावकाश, एकेक शब्द बघून टाकत म्हणाली, "आईनं माझंही नाव घेतलं नाही."

मग तिने मान वर केली. "बरोबर?"

"बरोबर," तो म्हणाला.